परिचारिकेचा आत्मविश्वास आणि उपशामक शुश्रूषा

असाध्य व्याधीने जर्जर झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मोठ्या रुग्णालयातून “आता घरी न्या” असे सांगण्यात येते, तेव्हा उपचार संपले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः संपलेला असतो तो रोग समूळ बरा करण्याचा प्रयत्न. वेदना, धाप, मळमळ, शय्याव्रण, निद्रानाश आणि मृत्यूचे भय ही सारी रुग्णाबरोबर घरी येतात. त्या घराच्या सर्वांत जवळ असलेली प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे उपकेंद्रातील अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका होय. तिच्यापाशी हे काम करण्याचे ज्ञान आहे काय, आणि ज्ञान असल्यास ते प्रसंगी वापरण्याचा आत्मविश्वास आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या रुग्णाचे अखेरचे दिवस कसे जातील हे बव्हंशी अवलंबून असते. प्रस्तुत पाठात यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा विशेष विचार केला आहे.

उपशामक शुश्रूषा म्हणजे काय?

रोग बरा होण्यासारखा नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करता येतो, हे या सेवेचे मूलतत्त्व आहे. पाश्चात्त्य भाषांत या सेवेस जे नाव आहे त्याचा उगम लॅटिनमधील ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यावयाचा झगा किंवा पांघरूण या शब्दात आहे. मराठीत पांघरूण घालणे म्हणजे दोष झाकणे असा अर्थ रूढ आहे. येथे मात्र कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर मायेने घातलेले पांघरूण अभिप्रेत आहे. ही सेवा केवळ मरणासन्न रुग्णापुरती किंवा केवळ कर्करोगापुरती मर्यादित नाही. हृदय, मूत्रपिंड व फुप्फुसे यांचे जुनाट विकार, पक्षाघात, एड्स, वार्धक्यातील स्मृतिभ्रंश अशा अनेक व्याधींत ती लागते, आणि रोगाचे निदान झाल्यापासूनच इतर उपचारांबरोबर ती सुरू होऊ शकते.

या सेवेच्या आधुनिक स्वरूपाचा पाया एका परिचारिकेने घातला, ही गोष्ट लक्षणीय आहे. सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये परिचर्येचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या. पुढे लंडनमधील सेंट ल्यूक या मरणोन्मुख रुग्णांच्या आश्रयस्थानी त्या स्वेच्छेने शुश्रूषा करू लागल्या. तेथील परिचारिका वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी वेदनाशामक औषध देत. या साध्या पद्धतीचे मर्म सॉन्डर्स यांनी ओळखले. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्टोफर ही संस्था लंडनमध्ये सुरू केली. माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चहूअंगांची असते, हा त्यांचा ‘समग्र वेदने’चा विचार आज जगभर मान्य झाला आहे.

विशेष केंद्रांच्या मर्यादा

भारतात अशा स्वरूपाची पहिली संस्था, शांती अवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुइस जोझे डिसोझा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिचीच शाखा गोव्यात लोटली येथे आहे. पुण्यात वारजे येथेही १९९७ पासून असे केंद्र चालू आहे. या संस्थांचे कार्य मोलाचे आहे. परंतु खाटा मोजक्या आणि गरज अफाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. उरलेल्यांपर्यंत पोहोचावयाचे तर सामान्य रुग्णालयातील, आरोग्य केंद्रातील आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकेवाचून दुसरा मार्ग नाही.

हे केरळने प्रत्यक्षात आणून दाखविले आहे. कोझिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी या कार्यास आरंभ केला. पुढे मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत गावातील सामान्य स्वयंसेवक त्यात सामील झाले. २००८ साली केरळ शासनाने यासंबंधीचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींच्या साहाय्याने परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. तेथे घरभेटीचा कणा परिचारिका आहे. डॉक्टर तिच्या पाठीशी असतो आणि शेजारचा स्वयंसेवक तिच्या सोबतीस असतो.

केंद्र शासनाने २०१२ साली उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विस्तार झाला, त्यात वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट करण्यात आली. उपकेंद्रांवर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपैकी अनेकजण परिचर्येचेच पदवीधर आहेत. म्हणजे कागदावर ही जबाबदारी परिचारिकांकडे आलेली आहे. ती पेलण्याचे बळ त्यांना देणे हे पुढचे काम आहे.

आत्मविश्वास कोठे डळमळतो?

विविध देशांतील अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. सामान्य विभागांत काम करणाऱ्या परिचारिकांना अंग पुसणे, कूस बदलणे, जखम बांधणे या कामांत सहसा अडचण वाटत नाही. मरणाविषयी रुग्णाशी बोलणे, शोकाकुल कुटुंबाला धीर देणे आणि तीव्र वेदनाशामके हाताळणे या ठिकाणी मात्र त्यांचे पाऊल अडखळते. याची कारणे शोधणे कठीण नाही. त्यांचे सारे शिक्षण रोग हटविण्याच्या दिशेने झालेले असते. त्यामुळे मृत्यू हा त्यांना स्वतःचा पराभव वाटतो. असे रुग्ण अधूनमधून येत असल्याने हाताला सवय राहत नाही. सल्ला विचारावयास जवळ कोणी नसते. चूक झाल्यास दोष आपल्यावर येईल ही धास्ती असते. आणि कामाच्या रगाड्यात रुग्णाजवळ दहा मिनिटे बसणे हे ‘काम’ म्हणून मोजले जात नाही.

येथे ज्ञान आणि आत्मविश्वास यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. परिचारिकांचे या विषयातील ज्ञान तपासण्यासाठी २० विधानांची एक प्रश्नावली १९९६ पासून अनेक देशांत वापरली जाते. तीत प्रत्येक विधान बरोबर, चूक की ‘ठाऊक नाही’ हे सांगावयाचे असते. तथापि अशा परीक्षेत उत्तम गुण मिळविणारी परिचारिका रुग्णाच्या खाटेजवळ गप्प राहू शकते, आणि उलटपक्षी अपुऱ्या ज्ञानावर दांडगा विश्वास असणारी परिचारिका रुग्णास अपाय करू शकते. आत्मविश्वास हवा तो जाणतेपणातून आलेला, आणि आपली मर्यादा ओळखणारा.

असा आत्मविश्वास कसा येतो? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बान्डुरा यांनी १९७७ साली त्याचे चार उगम सांगितले. पहिला, स्वतः काम करून ते साधल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कोणाला ते काम करताना पाहणे. तिसरा, विश्वासातील व्यक्तीने दिलेले प्रोत्साहन. आणि चौथा, त्या प्रसंगी आपल्या शरीर-मनाची स्थिती. यांत पहिला उगम सर्वांत बलवान होय. नुसत्या व्याख्यानाने काम का भागत नाही, याचे उत्तर येथेच मिळते. पोहण्यावरील पुस्तक वाचून कोणी विहीर पार करीत नाही.

पहिली पायरी : वेदना विचारणे

वेदना किती आहे हे रुग्णच सांगू शकतो. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे मानून त्याला आकडा विचारावा. आकड्यांची सवय नसलेल्यास वेदना चार आण्यांची, आठ आण्यांची की रुपयाची, असे विचारले तरी चालते. आकड्याबरोबर वेदनेची जातही विचारली पाहिजे, आणि त्या कामी मराठी भाषा फार उपयोगी पडते. ‘ठणका’ लागला आहे असे रुग्ण म्हणतो, तेव्हा सूज किंवा पू यांचा संशय घ्यावा. ‘कळ’ येते आणि जाते, असे तो सांगतो, तेव्हा आतड्यासारख्या पोकळ अवयवाकडे लक्ष द्यावे. ‘आग’ होते, ‘चमक’ निघते, ‘मुंग्या’ येतात, हे शब्द मज्जातंतूंच्या दुखण्याकडे बोट दाखवितात, आणि त्यास निराळी औषधे लागतात. सीमाभागात एकाच उपकेंद्राखाली मराठी, कानडी व कोंकणी बोलणारी कुटुंबे असतात. परिचारिकेने तिन्ही भाषांतील हे शब्द टिपून ठेवणे हितावह ठरते. डॉक्टरांना कळविताना “खूप दुखते आहे” असे मोघम न सांगता “पाठीत आग होते, आकडा आठ, रात्री वाढते” असे सांगणारी परिचारिका डॉक्टरांच्या निर्णयास थेट साहाय्य करते.

दुसरी पायरी : मॉर्फिनविषयीचे भय

तीव्र वेदनेवर तोंडाने द्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त व गुणकारी औषध आहे. वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे औषधांची पायरी वर न्यावी, आणि शक्य तेथे तोंडावाटे व घड्याळाप्रमाणे औषध द्यावे, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली प्रसृत केली. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी द्यावयाची असते. वेदना उसळल्यावर देणे म्हणजे आग भडकल्यावर विहीर खणणे होय.

औषधाची मात्रा डॉक्टर ठरवितात. परिचारिकेने जाणून घ्यावयाच्या गोष्टी अशा : मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ नेहमीच होते, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून सोबत असावे. आरंभी काही दिवस मळमळ व गुंगी येऊ शकते. ती बहुधा ओसरते. लहान मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या मानाने बेताबेताने वाढविलेल्या औषधाने श्वास मंदावणे ही विरळा घडणारी गोष्ट आहे, आणि तिच्या आधी गाढ गुंगी येते. म्हणून हाक मारून रुग्ण जागा होतो काय व श्वास किती चालतो, हे पाहत जावे. मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या व वृद्ध रुग्णांत अधिक सावध राहावे. वेदनेसाठी योग्य रीतीने दिलेल्या औषधाची शरीराला सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कुटुंबासही समजावून सांगावे.

कायद्याचे भयही बरेचसे अपुऱ्या माहितीतून येते. अमली औषधांसंबंधीचा १९८५ चा कायदा दुरुपयोग रोखण्यासाठी झाला. परंतु परवान्यांच्या जंजाळामुळे गरजू रुग्णांनाही औषध दुर्मीळ झाले. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकसारखी पद्धत लागू झाली. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी, कुलुपबंद साठा आणि गोळीगणिक नोंद ही पथ्ये पाळणाऱ्या परिचारिकेस भिण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : बोलणे आणि ऐकणे

असे समजा की परिचारिका एका वृद्धाच्या घरी गेली आहे. ओसरीवरच मुलगा तिला थांबवून म्हणतो, “सिस्टर, आबांना काही सांगू नका. ते खचतील.” आत गेल्यावर आबा तिचा हात धरून विचारतात, “पोरी, यातून मी उठेन का गं?”

अशा वेळी “काही होत नाही, बरे व्हाल” असे म्हणून निघून जाण्याचा मोह होतो. तसेच सारे सत्य एका दमात सांगून टाकणेही योग्य नव्हे. प्रथम खाली बसावे. “आबा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” असे विचारावे आणि थांबावे. पुष्कळदा रुग्णाला सारे उमगलेले असते. त्याला बोलावयास माणूस हवे असते. त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे याचा अदमास घेऊन, तितकेच, सोप्या शब्दांत सांगावे. खोटी आशा दाखवू नये. पण “दुखणं कमी करणं आपल्या हातात आहे, आणि मी येत राहीन” हे वचन देता येते व ते पाळलेच पाहिजे. निदानासंबंधीचे प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेत. मुलालाही दोष न देता विचारावे की आबांना कळले तर काय होईल असे त्याला वाटते. बापलेक एकमेकांपासून जे लपवितात ते दोघांनाही ठाऊक असते, असे अनेकदा आढळते. ते बोलून झाले म्हणजे राहिलेले व्यवहार, भेटी आणि क्षमायाचना यांना वेळ मिळतो. अशा वेळी बोलता आले नाही आणि परिचारिका नुसती जवळ बसली, तरी तीही शुश्रूषाच होय.

चौथी पायरी : अखेरच्या दिवसांतील हातचे उपाय

औषधांच्या पलीकडे परिचारिकेच्या हातात बरेच काही असते, आणि तेथेच यशाचा पहिला अनुभव तिला मिळतो. धाप लागलेल्या रुग्णास उशांच्या आधाराने बसते करावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी व चादरीला सुरकुती राहू देऊ नये. कर्करोगाच्या दुर्गंधीयुक्त जखमेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची भुकटी वापरल्यास वास कमी होतो. ज्या खोलीत नातवंडे जावयास कचरत होती तेथे ती पुन्हा जाऊ लागतात. तोंड ओल्या मऊ फडक्याने वरचेवर पुसावे.

शेवटी अन्नपाण्याची वासना आपोआप मंदावते. रुग्ण न खाल्ल्याने मरत नसून मरणाच्या वाटेवर असल्याने खात नाही, हे कुटुंबास समजाविणे कठीण पण आवश्यक असते. बळेच भरविल्यास ठसका लागतो. मुखी गंगाजल घालण्याची रूढी मोडण्याचे कारण नाही. रुग्णास कुशीवर वळवून ओठांवर दोन थेंब ठेवावेत, एवढेच सांगावे. घशात घरघर होऊ लागल्यासही कूस बदलण्याचा उपयोग होतो. त्या आवाजाने रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांस अधिक क्लेश होतात, हेही सांगावे.

आपली मर्यादा केव्हा आली हे ओळखणे हाही आत्मविश्वासाचाच भाग आहे. कर्करोगाच्या रुग्णाची पाठ दुखत असून पायांतली शक्ती एकाएकी जाऊ लागली, मोठा रक्तस्राव झाला, आकडी आली, गाढ गुंगी आली, किंवा औषध देऊनही वेदना आटोक्यात येईना, तर विलंब न लावता डॉक्टरांना कळवावे.

अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ यांचे कर्तव्य

परिचारिकेला धीट हो म्हणून आज्ञा करता येत नाही. तिच्या धैर्याला आधार लागतो. अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात व्याख्यानांबरोबर अनुभवी परिचारिकेसमवेत घरभेटींची तरतूद करावी, रात्री-अपरात्री सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक उपकेंद्रास द्यावा, आणि मॉर्फिनचा पुरवठा खंडित होऊ देऊ नये. औषधच नसेल तर सर्वोत्तम प्रशिक्षणही निष्फळ ठरते. महिन्यातून एकदा परिचारिकांनी एकत्र बसून मृत्यू पावलेल्या रुग्णांविषयी बोलावे. कोणाचा दोष काढण्यासाठी नव्हे, तर काय साधले, काय राहिले हे पाहण्यासाठी आणि मनावरचे ओझे उतरविण्यासाठी.

परिचर्या विद्यालयांतील शिक्षकांनी ‘आबांचा प्रश्न’ विद्यार्थिनींकडून अभिनयाद्वारे सोडवून घ्यावा. चूक करावयाची तर ती वर्गात व्हावी. गावातील शाळाशिक्षक आणि ग्रामस्थ यांनाही बरेच करता येईल. रुग्णाच्या घरचे पाणी भरणे, मुलांचा अभ्यास पाहणे, थकलेल्या सुनेला दोन तास झोपू देणे यांसाठी पदवी लागत नाही. ज्या गावात शेजार उभा राहतो, तेथे परिचारिका एकटी पडत नाही.

मृत्यू टाळणे कोणाच्याच हाती नाही. परंतु वेदनेने रात्रभर तळमळत जाणे आणि आपल्या माणसांत, आपल्या घरी, शांतपणे जाणे या दोहोंतील अंतर फार मोठे आहे. ते अंतर तोडण्याचे सामर्थ्य परिचारिकेच्या पिशवीतील औषधांत जितके आहे, तितकेच “मला हे जमेल” या तिच्या जाणत्या विश्वासातही आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. परिचारिकेचे ज्ञान आणि आत्मविश्वास यांतील भेद उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. आत्मविश्वासाच्या चार उगमांपैकी कोणते आपल्या केंद्रात उपलब्ध आहेत? कोणते नाहीत?

३. आपल्या भागातील लोक वेदनेसाठी जे शब्द वापरतात त्यांची यादी करा व प्रत्येकाचा अर्थ लिहा.

४. आपल्या गावात आज अंथरुणाला खिळलेले रुग्ण किती आहेत? त्यांच्यापैकी कोणाची वेदना गेल्या आठवड्यात कोणी विचारली?